तिकडच्या साहेबांची खुर्ची

नानांनी माझं एक वाक्य इंग्रजीत सांगितलं. ते सांगायला नको होतं. हे मी त्यांना तोंडावर बोललो, भर गल्लीत उभा राहून ओरडून बोललो, आणि नाना जाऊन आता वर्ष होत आलं तरी माझं म्हणणं फारसं बदललेलं नाही.

धुळ्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एक झेरॉक्सवाला आणि एक टायपिंगवाला यांच्यामधे त्यांची खोली होती. बाहेर पाटी होती, 'मराठीचे इंग्रजी करून मिळेल, शपथेवर', आणि खाली तांबड्या रंगात पानाचा दर. आत एक टेबल, दोन लोखंडी खुर्च्या आणि भिंतीला टेकून एक मोठी सागवानी खुर्ची. बैठक वेताची, तिच्यावर धुतलेला पांढरा टॉवेल. मी पहिल्यांदा गेलो तो एप्रिल होता. उन्हातून आलो आणि त्यातल्या त्यात चांगल्या खुर्चीवर बसलो.

"उठा भाऊ," नाना म्हणाले. "तिथं साहेब बसतात."

"कोण साहेब?"

"तिकडचे."

मी इकडंतिकडं बघितलं. खोलीत आम्ही दोघंच. टेबलावर पाण्याचा भरलेला पेला होता. मी तो उचलला तर म्हणाले, "तोही साहेबांचा. तुमच्यासाठी माठातलं देतो."

नानांची सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात भाषांतर करण्यात गेली होती. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच काम ठेवलं. इथला एखादा आरोपी परदेशात पळतो किंवा तिथं पकडला जातो, मग तिकडचं सरकार आपल्या सरकारला पत्र लिहितं, आपलं त्यांना लिहितं, आणि त्या पत्रांसोबत इथले जबाब, पंचनामे, दाखले सगळं तिकडच्या कोर्टात जातं. जायच्या आधी ते इंग्रजीत व्हावं लागतं. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांत हे काम शपथेवर करणारे नाना एकटेच, म्हणून पोलीस सगळ्यांना त्यांच्याकडंच पाठवायचे.

नानांचं म्हणणं असं, की तो जबाब शेवटी जो माणूस वाचणार आहे त्यानं ना कपाशी बघितलेली, ना बाज, ना आपला मे महिना. त्याला समजलं नाही तर कागद पाठवून काय उपयोग? म्हणून त्यांनी त्या माणसासाठी खुर्ची ठेवली होती. पान झालं की ते उभे राहून खुर्चीकडं तोंड करून मोठ्यानं वाचायचे. मधेच थांबायचे, मान वाकडी करून ऐकल्यासारखं करायचे, आणि टेबलाशी येऊन तळटीप घालायचे. एकदा एका बाईनं भर दुपारी दार लावून घेतलं, असं जबाबात होतं. नाना खुर्चीला म्हणाले, "नाही साहेब, लपायला नाही. झळा लागतात." आणि तसं खाली लिहिलंही: या जिल्ह्यात या ऋतूत दुपारी सर्वच घरांची दारे बंद असतात.

भिंतीवर दोन घड्याळं होती. एक आपलं. दुसरं, ज्या देशाचं काम चालू असेल त्या देशाचं. माझ्या कामात ते दीड तास पुढं असायचं. सकाळी मी लवकर गेलो तर म्हणायचे, "थांबा, साहेब अजून कोर्टात बसले नाहीत." आणि दुपारी साडेतीनला पेन ठेवून द्यायचे, "साहेब उठले."

आता माझं काम काय होतं ते सांगतो.

मी पिंपळनेरकडचा. शाळा अर्ध्यात सोडून बैलबाजारात दलालांच्या मागं फिरलो, स्वतः दलाल झालो, आणि आज हायवेला माझा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे. मला कोणी काही दिलेलं नाही. जे आहे ते मी भाव पाडून मिळवलेलं आहे. धाकट्या भावाला मी शिकवलं. तो कॉम्प्युटर शिकला, लग्न झालं, इथं नोकरी धड मिळेना. तेव्हा जळगावचा एक एजंट आला. पूर्वेकडच्या एका देशात कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचं काम, राहणं-जेवण त्यांचं. देशाचं नाव लिहीत नाही, कारण खटला अजून अपिलात आहे. भाऊ गेला. तिथं कंपनी नव्हती. एका बंद इमारतीत आपल्याकडची, इतर देशांतली शेकडो पोरं कोंडून ठेवली होती. परक्या लोकांना फोन करून फसवायचं, नाही केलं तर मार. तीन महिन्यांनी भावानं मागच्या गॅलरीतून उडी टाकली. पळून जाण्यासाठी टाकली होती, त्यातच मेला.

पुढं त्या इमारतीवर तिकडच्या पोलिसांनी धाड घातली. पेपरात, टीव्हीवर सगळीकडं तेच होतं. एजंट तिथंच सापडला आणि खटला तिथंच उभा राहिला. तिकडच्या कोर्टानं इथले जबाब मागवले. फिर्यादी मी. एजंटला शिक्षा व्हावी, एवढंच मला हवं होतं.

आणि घरात एक गोष्ट कळू नये, हेही.

आमच्याकडं धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. ती भावाला सांगायची, "त्यासले इचारा, चहा लिथीन का." मी दोन हातांवर बसलेला असायचो, तरी भाऊ वळून मला विचारायचा, आणि मी त्यालाच उत्तर द्यायचो. तो गेल्यावर घरात हे बोलणंच बंद झालं. ती चहा ठेवून जायची. मी प्यायचो.

नानांकडं मी पहिल्या दिवशी सवयीनं दर विचारला. त्यांनी पाटी दाखवली. मी म्हणालो, पानं बरीच आहेत, काही कमी करा. नानांनी खिडकीतला रंगाचा डबा उचलला, बाहेर गेले, आणि पाटीवरच्या आकड्यात पाच रुपये वाढवून आले.

"हे काय, नाना?"

"तुम्ही विचारलंत म्हणून. परत विचारा."

मी परत विचारलं नाही. माझ्या मागून येणारे लोक पुढं कितीतरी दिवस मला शिव्या देत तो दर भरत होते.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मी नळ आहे. टाकीत असेल ते येईल. नळाला चव विचारू नका." आमच्या धुळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, पण नानांचा नळ कधी बंद नसायचा. एकदा गल्लीच्या तोंडाशी दक्षिणेकडच्या एका ट्रकवाल्यानं गाडी मागं घेताना भाजीवाल्या अक्काची भरताची वांगी चिरडली. अक्का अहिराणीत पेटल्या, तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत. नाना मधे जाऊन उभे राहिले आणि दोघांना एकमेकांचं बोलणं सांगू लागले. शिव्यांसकट, आणि अगदी संथ आवाजात. "त्या म्हणतात, तुमच्या डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या आहेत. ते म्हणतात, तुम्ही रस्ता बापाचा समजून बसता. त्या म्हणतात, बापापर्यंत जाऊ नका, नाहीतर टायर दातांनी फाडीन." टायरपाशी ट्रकवाला हसला. तो का हसला हे अक्कांनी नानांना विचारलं, नानांनी ते त्याला विचारलं, आणि तोवर अक्काही हसत होत्या. वांग्यांचे पैसे मिळाले. नाना डबा उघडून कळण्याची भाकरी खायला बसले, काही झालंच नाही असे.

माझ्या जबाबावर मात्र ते चार दिवस अडून बसले. पोलिसांनी लिहिलं होतं: 'आमच्या अंगणात तीन इसमांसमक्ष तोंडी बोलणी होऊन रुपये अडीच लाख ठरले.' आणि त्या तीन इसमांचे जबाब होते: 'आम्ही हजर होतो. रकमेबाबत कोणतेही बोलणे आमच्या कानावर आले नाही.'

नाना खुर्चीकडं हात करून म्हणाले, "साहेब विचारतायत, तिघं अंगणात बसलेले असताना एकालाही ऐकू कसं आलं नाही?"

"उपरण्याखाली झालं म्हणून," मी म्हणालो.

कोणाही खान्देशी माणसाला एवढं पुरे. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हात मिळवतात, वरून उपरणं टाकतात, आणि बोटं धरून आकडा सांगतात. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. एजंट कापसाच्या दलालांच्या घरातला, त्यालाही ही बोटं येत होती. जबाब लिहिणारा हवालदारही इथलाच. त्याला ते इतकं रोजचं की त्यानं नेहमीसारखं 'तोंडी बोलणी' लिहून टाकलं. त्यात काही चुकतंय असं त्याला, मला, त्या तिघांना, कोणालाच वाटलं नाही.

"मग पुरवणी जबाब द्या," नाना म्हणाले. "कोणी किती बोटं धरली, सगळं."

"गरज नाही."

"साहेबांना तुम्ही खोटे वाटाल. नाहीतर ते तिघं."

"नाना, लिहिलंय तेवढं करा. तुम्ही नळ ना? मग टाकीत हात कशाला घालता?"

नानांनी पेन उचललं. मग म्हणाले, "बरोबर आहे. तेवढंच करतो. पण साहेब विचारतील."

मला पुरवणी जबाब का नको होता, ते त्यांना सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. एजंटनं आधी माझी पाचही बोटं धरली होती. पाच लाख. मी त्याला अडीचवर आणला. बैल असो, ट्रॅक्टर असो, की सख्ख्या भावाची नोकरी, समोरच्याला अर्ध्यावर आणल्याशिवाय माझा हात उपरण्याबाहेर येत नाही. आणि फाटकापाशी जाऊन गाडीत बसताना तो हळूच मला म्हणाला होता, "एवढ्यात ते ठिकाण बसणार नाही. दुसरं बघू." मी म्हणालो, "बघा." त्या रात्री मी खुशीत दोन वेळा जेवलो.

भाऊ ज्या इमारतीत मेला, ती ते दुसरं ठिकाण.

वर्षभरानं तिकडच्या कोर्टाचं पत्र आलं. व्हिडिओवर फिर्यादीची साक्ष घ्यायची आहे, आणि त्यात पहिलाच प्रश्न असा, की तीन साक्षीदारांना बोलणी ऐकू का आली नाहीत. एजंटच्या तिकडच्या वकिलानं तोच मुद्दा धरला होता: पैसे ठरलेच नाहीत, माणूस आपल्या मर्जीनं आला.

साक्ष धुळ्याच्या कोर्टात झाली. आपले न्यायाधीश वर बसले होते, भिंतीवर मोठा पडदा, आणि दुभाषी म्हणून शपथ घेतलेले नाना, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मागच्या बाकावर भावाची बायको होती. पडदा उजळला आणि तिकडचे साहेब दिसले.

ती एक बाई होती. लहान चणीची, चष्मेवाली, वयानं नानांच्या मुलीएवढी. नाना क्षणभर बघत राहिले. इतकी वर्षं ते एका धिप्पाड पुरुषाला वाचून दाखवत आले होते. मग त्यांनी मान लववली.

प्रश्न आला. मी उपरण्याचं सांगितलं. पडद्यावरच्या बाईंना कळेना. आपल्या न्यायाधीशांनी परवानगी दिली, मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि नानांचा हात धरून वर टाकला. नाना माझ्याकडं न बघता कॅमेऱ्याला सांगत होते. नंतर कळलं, ते म्हणत होते, "साक्षीदारानं माझी पाच बोटं धरली आहेत. आता सोडली. आता दोन धरली. तिसरं अर्ध्या पेरावर दाबलं." बाई पुढं झुकून बघत होत्या. टॉवेलाशिवाय त्यांना काय दिसणार! पण त्या हसल्या, आणि तिघांना ऐकू का आलं नाही, हे त्यांना पटलं.

मी हात सोडायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्यांनी आणखी एक विचारलं. नानांनी मराठीत सांगितलं, "साहेब विचारतात, पाचाचे अडीच झाले. मग त्या माणसानं अर्ध्या पैशांत कमी काय केलं?"

टॉवेलाखाली नानांचा हात माझ्या हातात तसाच होता. तो दाबून मी हळू, आमच्या बोलीत म्हणालो, "नाना, तो बोलना व्हता, दुसरं ठिकाण देखू. हाई त्यासले सांगू नका."

नानांनी पडद्याकडं बघून सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा. त्याच संथ आवाजात.

मला इंग्रजी येत नाही, पण आपल्या न्यायाधीशांचा चेहरा बदललेला मला कळला. तिकडून प्रश्न आला, आणि नानांनी तो मराठीत, साऱ्या कोर्टाला ऐकू जाईल असा विचारला: "साहेब विचारतात, हे आम्हाला का सांगायचं नव्हतं?"

माझ्या तोंडून शब्द निघेना. नाना थांबले. मग त्यांनी तेही सांगितलं, "द विटनेस इज सायलेंट." तेवढं इंग्रजी मला समजलं.

मग मी सगळं सांगितलं. फाटकापासचं, 'बघा' म्हणालो ते, दोन वेळा जेवलो तेही. मागच्या बाकाकडं मी बघितलं नाही.

बाहेर गल्लीत मी नानांना गाठलं. जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. "एक ओळ गाळली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? तुम्हाला घरदार आहे की नाही?" नाना ऐकत राहिले. गर्दी जमली. माझा दम संपल्यावर म्हणाले, "भाऊ, तुमची एक ओळ गाळली असती, तर एजंटचीही कोणासाठी गाळावी लागली असती." आणि डबा घेऊन चालू लागले. मला तेव्हा ते पटलं नाही. बोलायला सोपं आहे. माझ्या घरात त्यांना राहायचं नव्हतं.

घरी कोणी काही बोललं नाही. चहा येत राहिला. फक्त आता भाऊ मधे असता तरी तिनं त्याला काय सांगायला लावलं असतं, हे मला कळत नव्हतं.

मी नानांच्या गल्लीतून जाणं सोडलं. पण बातम्या कानावर यायच्या. त्यांनी सागवानी खुर्चीवर जाड उशी ठेवली होती म्हणे. झेरॉक्सवाल्यानं विचारलं तर म्हणाले, "बाईसाहेबांना खुर्ची खोल होते."

दीड वर्षानं निकाल लागला. एजंटला मोठी शिक्षा झाली. निकालाची इंग्रजी प्रत दिल्लीमार्गे पोलिसांकडं आणि तिथून माझ्याकडं आली. मराठी करून घ्यायला मी दुकानातल्या माणसाला नानांकडं धाडलं, स्वतः गेलो नाही. आठवड्यानं तोच माणूस निरोप घेऊन आला: वाचून दाखवायचा आहे, दोघांनी यावं.

मी फोन केला. "कागद द्या, आम्ही वाचू."

"वाचून दाखवल्याशिवाय मी सही करत नाही."

"नाना, तिच्यासमोर ती ओळ..."

"आहे निकालात. गाळता येत नाही."

मी फोन आपटला. पण संध्याकाळी दुकानातून घरी आलो तर ती पदर नीट करून ओट्यावर उभी होती. निरोप्या आधी घरी जाऊन आला होता. दुसऱ्या दिवशी ती गाडीत मागं बसली, मी पुढं.

नाना खूप वाळले होते. त्यांनी सागवानी खुर्चीवरची उशी काढली, टॉवेल घडी केला आणि मला म्हणाले, "बसा."

"ही साहेबांची ना?"

"आज साहेब बोलणार आहेत. ऐकणाऱ्यानं बसायचं."

मी बसलो. वेत दबला. ती दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसली. नाना उभे राहून वाचू लागले, माझ्याकडं तोंड करून, मी कपाशी आणि बाज न बघितलेला माणूस असल्यासारखे. उपरण्याचा सौदा त्यात दीड पान होता. मग ते वाक्य आलं: 'साक्षीदाराने ही बाब न सांगण्याची दुभाष्यास विनंती केली. दुभाष्याने ती विनंतीही न्यायालयास सांगितली. स्वतःच्या विरुद्ध जाणारी बाब लपवू पाहणारा आणि नंतर ती पूर्ण सांगणारा हा साक्षीदार न्यायालयास विश्वासार्ह वाटतो.'

मी जमिनीकडं बघत होतो. नानांनी पान उलटलं.

'यानंतर न्यायालयाने आरोपीची नोंदवही तपासली. पूर्ण रक्कम देणारे आणि कमी रक्कम देणारे, सर्व जण त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर ठेवलेले आढळतात. आरोपीकडे दुसरे ठिकाण नव्हते. ते केवळ बोलणे होते.'

नाना थांबले. बाहेर झेरॉक्सचं मशीन चालू होतं.

दाराजवळून आवाज आला. कितीतरी दिवसांनी ती माझ्या देखत बोलत होती. मान खालीच होती.

"नाना, त्यासले सांगा. दुसरं ठिकाण नव्हतंच."

मी दोन हातांवर होतो. नानांनी घसा साफ केला, माझ्याकडं वळले आणि साक्षीला सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "त्या म्हणतात, दुसरं ठिकाण नव्हतंच."

"त्यासनी ऐकं का, इचारा."

"त्या विचारतात, ऐकलंत का?"

मी खुर्चीचे हात धरले. नाना थांबले. त्यांना घाई नव्हती. भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळात साहेबांची उठायची वेळ अजून झाली नव्हती. मग ते तिच्याकडं वळले.

"ते गप्प आहेत," त्यांनी सांगितलं.

"समजनं," ती म्हणाली.